डिस्क उघडेना

सुनिल्दा ओवेलारला माणसांचा तिटकारा आहे, असं पुएर्तो लिदियात तिच्या पाठीमागे बोललं जाई. ते खरं नव्हतं. तिला तिटकारा होता तो फक्त मठ्ठ माणसांचा. आता गावात तीच जास्त निघाली, त्याला ती तरी काय करणार!

पूर नियंत्रण कार्यालयातला सर्व्हर तिने स्वतःच्या हाताने उभा केला होता. मग संचालक एरमेस गाउतो याने आपल्या मेहुणीच्या मुलाला, देर्लिसला, आधी तिच्या हाताखाली आणून बसवलं, नंतर तिच्या शेजारी आणि शेवटी तिच्या खुर्चीत. देर्लिस पस्तिशीचा, राजधानीतून इंजिनियर होऊन आलेला, कपडे नेहमी इस्त्रीचे. सुनिल्दाच्या मते त्याच्याजवळ तेवढीच एक गोष्ट सरळ होती. कार्यालय सोडताना ती दोघांनाही सांगून गेली होती, "रोजचा बॅकअप घेणारं दुसरं मशीन घ्या. नाहीतर एक दिवस रडत बसाल." गाउतो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. त्या पैशांतून कार्यालयाच्या दारात नवी कमान उभी राहिली आणि कमानीवर गाउतोचं नाव आलं. सुनिल्दा तंत्रशाळेत शिकवायला लागली.

त्या आठवड्यात पावसाने ठाणच मांडलं होतं. रविवारी सकाळी सुनिल्दा खिडकीशी माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, पीत बसली असताना फोन वाजला.

"बाई, गाउतो बोलतोय. कशा आहात? तब्येत बरी ना?"

दोन वर्षांत या माणसाने तिच्या तब्येतीची चौकशी केली नव्हती. "काय बंद पडलंय?" तिने विचारलं.

"तसं विशेष काही नाही. काल संध्याकाळी वीज कोसळली, त्यात सर्व्हर मधेच बसला. आता चालू होतो, पण... ती मोठी डिस्क आहे ना, ती उघडत नाही. काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी येतं आणि थांबतं."

"आणि तुमचा देर्लिस काय करतोय?"

"प्रयत्न करतोय बिचारा. पहाटेपासून बसलाय."

"अरे देवा! पहाटेपासून प्रयत्न करतोय? मग मला धावतच यायला हवं."

ती धावत काही गेली नाही. तिने सावकाश केस विंचरले, लुके गावाहून आणलेली चांदीच्या जाळीची कर्णफुलं घातली, ओठांना रंग लावला. अडलेल्याला मदत करायला आपण निघालोय असं तिने स्वतःलाही भासवलं नाही. गाउतोचा घामेजलेला चेहरा जवळून बघायला मिळणार होता, त्यासाठी ती निघाली होती.

रस्त्यात मात्र तिची चाल आपोआप वाढली. याकारे ओढा दोन्ही काठ घासत चालला होता. गावाला सगळीकडून मातीचा बांध, आणि ओढा त्या बांधाखालच्या लोखंडी दरवाजांतून नदीला मिळतो. नदी चढली की दरवाजे पाडायचे, म्हणजे खाली सोडून बंद करायचे, नाहीतर ती ओढ्यातून उलटी गावात घुसते. पण ते वेळेआधी पाडले तर गावातल्या पावसाच्या पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही आणि गाव आपल्याच पाण्यात बुडतं. दरवाजे नेमके कधी पाडायचे, याचा हिशोब नदीच्या वरच्या अंगाच्या बंदरांवरच्या पातळीवरून आणि मागच्या तीस वर्षांच्या पुरांवरून निघे. ती तीस वर्षं त्या डिस्कवर होती. पूर्वी कागदावरही होती. पण गाउतोने सगळे कागद आधुनिकीकरण म्हणून रद्दीत काढले आणि रद्दीच्या ट्रकसमोर हसत फोटो काढून घेतला.

कार्यालयात शिरल्याबरोबर तिला हवा होता तो चेहरा दिसला. गाउतोच्या शर्टाच्या काखा भिजल्या होत्या. हातात वॉकीटॉकी होता आणि त्यातून दरवाजांवरचा बेनिग्नो ओरडत होता.

"साहेब, पाणी खुणेला लागलंय! पाडू का दरवाजे? काय ते एकदा सांगा!"

"थांब रे, थांब जरा," गाउतो म्हणाला आणि सुनिल्दाकडे वळला. "या बाई, या. तुमचंच घर आहे."

"माझं घर असतं तर दारात कमान नसती," ती म्हणाली. "कुठाय तुमचा शास्त्रज्ञ?"

देर्लिस आतल्या खोलीत सर्व्हरच्या कपाटासमोर बसला होता. इस्त्री मोडली होती. टेबलावर चिपा पावाचे अर्धवट खाल्लेले तुकडे, बाजूला फोनवर उघडलेली चार-पाच पानं. तिला बघून तो उठला आणि खुर्ची पुढे केली. तेही तिला आवडलं नाही. त्याने थोडी अरेरावी केली असती तर मजा आली असती.

"बस, बस. ऊठबस नको. काय काय केलंस ते सांग. आणि खरं सांग, मी डॉक्टर आहे असं समज."

"आधी नुसतं बंद करून चालू केलं."

"किती वेळा?"

"बरेच वेळा."

"छान. दर वेळी वेगळं काही घडेल असं वाटलं?"

देर्लिसने मान खाली घातली. "मग दुरुस्तीची कमांड चालवली. ती सारखी विचारायची, हे दुरुस्त करू का, ते दुरुस्त करू का. मग मी सगळ्याला हो म्हणायला सांगितलं."

सुनिल्दाने डोळे मिटले. "सगळ्याला हो. न वाचता. पुढे?"

"तरी उघडेना. मग एका ठिकाणी लिहिलं होतं की डिस्कच्या सुरुवातीची माहिती खराब झाली असेल तर ती नव्याने लिहून टाकायची. ती कमांडसुद्धा..."

"चालवलीस."

"हो."

डिस्कच्या सुरुवातीला, आत कुठे काय ठेवलंय याची सगळी मांडणी असते. ती पुसून तिच्यावर नवी मांडणी लिहायची म्हणजे लायब्ररीतल्या सगळ्या कपाटांच्या चिठ्ठ्या फाडून मनाला येतील त्या चिकटवायच्या, आणि वर सगळ्याला हो म्हणत पुस्तकं इकडची तिकडे करायची.

"अरे, तुला शिकवलं कुणी?" ती म्हणाली. "नाव सांग त्याचं. मला त्याला पत्र लिहायचंय. डिस्क आजारी आहे असं कळल्यावर शेंबडं पोरसुद्धा काय करतं? आधी तिची नक्कल काढतं. मूळ डिस्कला हात लावत नाही. आणि तू? पेशंट खोकला म्हणून थेट पोट फाडलंस!"

"नक्कलच काढणार होतो बाई, पण..."

"पण धीर धरवला नाही."

ती खुर्चीत बसली. कीबोर्डवर चिपाचा चुरा पडला होता, तो तिने बोटाने उडवला. सर्व्हरवर मोठ्या डिस्कचं नाव नेहमी ब असे; त्याला ब माउंट करायला सांगितलं, म्हणजे उघडून आतले फोल्डर दाखवायला. पडद्यावर उत्तर आलं: प्रकार चुकीचा, किंवा सुरुवातीची माहिती खराब. तिने सुरुवातीचा भाग वाचून बघितला. तिथे देर्लिसने लिहिलेली कोरी करकरीत मांडणी होती आणि खाली अर्थ न लागणारा कचरा.

खरं सांगायचं तर त्या वेळी तिला वाईट वाटायला हवं होतं. तीस वर्षांपैकी सोळा वर्षांची मोजमापं तिने स्वतः तपासून भरली होती. पण आधी जे वाटलं ते समाधान होतं. ती सांगून गेली होती तसंच, अक्षरशः तसंच झालं होतं. ती बाहेरच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि गाउतोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "गेलं. सगळं गेलं. तुमच्या भाच्याने स्वतःच्या हाताने पुसलं."

"काय सांगता बाई!" गाउतोचा आवाज चिरकला.

"मी काय सांगायचं? मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आता कमानीला विचारा."

गाउतो मटकन खुर्चीत बसला. मग त्याने पुढारी जे करतात तेच केलं. काही कळेनासं झालं की ते ठामपणे बोलायला लागतात. "मग माझा निर्णय मी घेतो," तो म्हणाला. "दरवाजे पाडायचे. आत्ता, लगेच. उद्या कुणी म्हणायला नको की गाउतो हातावर हात ठेवून बसला."

"हे अंदाजाने?" सुनिल्दाने विचारलं.

"अनुभवाने."

"कुणाच्या?"

तो वॉकीटॉकीचं बटण शोधायला लागला. सुनिल्दा परत आत आली. एक शेवटचा उपाय होता. सुरुवातीच्या मांडणीच्या काही प्रती डिस्कवर पुढे ठरावीक जागी ठेवलेल्या असतात. त्यातली एखादी वाचली तर थोडंफार हाती लागलं असतं. तिला आशा नव्हती, पण आपण सगळं करून बघितलं असं म्हणता आलं असतं. तिने कमांड लिहायला घेतली. मागे देर्लिस उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाजसुद्धा तिला खुपत होता.

"बाई, एक विचारू?"

"नको विचारू."

"मूर्खासारखा प्रश्न आहे."

"मग तर अजिबातच नको."

तरी त्याने विचारलं. "ही डिस्क एवढी लहान का दाखवतेय?"

"कुठली लहान?"

त्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सुनिल्दाने ती ओळ खोलीत आल्यापासून दोनदा तरी बघितली होती. बघितली होती, वाचली नव्हती. आपली डिस्क चार टेराबाइटची. तिनेच विकत घेतली होती. इथे ब नावापुढे एक लिहिलं होतं.

तिने कीबोर्डवरून हात काढून घेतला.

"देर्लिस," ती हळूच म्हणाली, "या मशीनला तू आणखी काय जोडलंयस?"

"माझी बाहेरची डिस्क. ती कपाटाच्या मागे. नक्कल काढायला म्हणून पहाटे जोडली होती ना. मघाशी तेच सांगत होतो, तुम्ही बोलू दिलं नाही."

"आणि जोडल्यावर मशीन बंद करून चालू केलंस."

"हो. आत्तापर्यंत बरेच वेळा."

ती उठली, कपाटामागे वाकली, कर्णफूल केबलीत अडकलं ते ओढून सोडवलं. तिथे धुळीत एक काळी डिस्क मिणमिणत पडली होती. ही डिस्क शोधायला दोन पावलं जायचं होतं, मान वाकवायची होती, बस. खोलीत आल्यावर कुठलाही भानावर असलेला माणूस आधी हेच करतो. तिने वर्गात हजारदा शिकवलं होतं: आधी काय काय जोडलंय ते बघा, मग तोंड उघडा. आज तिने आधी तोंड उघडलं होतं.

सर्व्हर चालू होताना डिस्का सापडतील तशी त्यांना अ, ब, क अशी नावं देतो. मोठी डिस्क नेहमी ब असायची. या वेळी देर्लिसची डिस्क आधी सापडली, ती ब झाली आणि मोठी डिस्क सरकून क झाली. देर्लिसने पहाटेपासून जे जे दिवे लावले होते, सगळ्याला हो म्हणणं, मांडणी नव्याने लिहिणं, ते सगळं त्याने स्वतःच्याच डिस्कवर केलं होतं. मोठ्या डिस्कला त्याचं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

"अरे गाढवा," सुनिल्दा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला नाही. "तू वाचवलंस सगळं. तुझ्याएवढा गाढव नसता तर आज गाव बुडालं असतं."

मग ती बाहेर धावली. या वेळी खरंच धावली. गाउतोला बटण सापडलं होतं आणि तो म्हणत होता, "बेनिग्नो, मी संचालक या नात्याने तुला..."

तिने वॉकीटॉकी त्याच्या हातातून ओढून घेतला. "बेनिग्नो, सुनिल्दा बोलतेय. दरवाज्यांना हात लावू नको. मी सांगेपर्यंत लावायचा नाही."

"कोण, बाई? तुम्ही परत आलात?" वॉकीटॉकी खरखरला. "बरं झालं! इथे काय चाललंय काही कळतच नाही."

"बाई, हे काय!" गाउतो उठला. "आत्ताच म्हणालात, सगळं गेलं!"

"म्हणाले होते. चुकीचं म्हणाले होते," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून गेल्या कित्येक वर्षांत निघाले नव्हते. ते गाउतोसमोर उच्चारावे लागले याचं तिला इतकं वाईट वाटलं की तेवढं तीस वर्षांच्या नोंदी गेल्याचंही वाटलं नव्हतं. "आता खाली बसा आणि कशाला हात लावू नका."

देर्लिसची डिस्क काढून मशीन पुन्हा चालू केलं. मोठी डिस्क ब झाली. ती तरीही आपोआप उघडेना, कारण वीज गेली तेव्हा तिच्यावर काहीतरी लिहिलं जात होतं आणि ते अर्धवट राहिलं होतं. मूळ दुखणं ते होतं, आणि तेवढंच होतं.

"आता दुरुस्ती?" देर्लिसने विचारलं.

"आता तू हात खिशात घाल. दुरुस्ती नंतर, नक्कल काढून. आधी नुसतं वाचायला उघडायची. काही लिहायचं नाही, अर्धवट राहिलेलं पुरंसुद्धा करायचं नाही. जशी आहे तशी."

तिने कमांड लिहिली. लिहून झाल्यावर, आणि हे ती कुणाला कधी सांगणार नव्हती, तिने खुर्ची थोडी बाजूला सरकवली. "वाच. बरोबर आहे का बघ."

देर्लिसने ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. "ब. चार टेराबाइट. फक्त वाचायला. बरोबर आहे."

डिस्क उघडली. वर्षावर्षांचे फोल्डर एकाखाली एक दिसायला लागले. शेवटच्या काही तासांच्या नोंदी तेवढ्या नव्हत्या, त्या बेनिग्नोने वॉकीटॉकीवरून ओरडून सांगितल्या आणि देर्लिसने भरल्या. सुनिल्दाने जुना हिशोब चालवला. उत्तर गाउतोच्या अनुभवाच्या बरोबर उलटं आलं. नदी अजून दुपारभर ओढ्याच्या खालीच राहणार होती. आत्ता दरवाजे पाडले असते तर गावातलं सगळं पाणी बांधाच्या आत तुंबलं असतं आणि सान्ता क्लारा वस्ती छपरापर्यंत गेली असती. दरवाजे उघडे ठेवायचे, पाणी जाऊ द्यायचं आणि संध्याकाळी पाडायचे. वस्ती मात्र तोवर रिकामी करायची.

"पण ही मोजणी चुकली तर?" गाउतोने विचारलं. "जबाबदारी कोण घेणार?"

"तुम्ही नाही, एवढं नक्की. घाबरू नका," सुनिल्दा म्हणाली. "जीप काढा आणि सान्ता क्लारातली माणसं शाळेत हलवा. लोकांना तुमचा चेहरा ओळखीचा आहे, कमानीजवळ रोज बघतात."

तो गेला. जाताना त्याने रेनकोट घातला आणि आरशात बघितलं.

दुपार फार हळू सरकली. बेनिग्नो दर थोड्या वेळाने शिव्या देत पातळी सांगायचा आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "बाई, अजून नाही?" सुनिल्दा म्हणायची, "अजून नाही." आवाजात काळजी येऊ द्यायची नाही हे तिला चांगलं जमत होतं. देर्लिस मोठ्या डिस्कची नक्कल तिने तंत्रशाळेतून मागवून घेतलेल्या तेवढ्याच डिस्कवर उतरवत बसला होता. एकदा उठून त्याने मातेचं भांडं भरून तिच्यापुढे धरलं. पाणी कोमट होतं.

"एवढंही धड करता येत नाही का रे तुला?" ती म्हणाली, आणि प्यायली.

"तुझ्या त्या डिस्कवर होतं काय?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "सिनेमे?"

"फुटबॉलचे सामने. आणि मुलीचे व्हिडिओ. जन्मल्यापासूनचे."

"दुसरीकडे ठेवले असशीलच."

तो नक्कल किती झाली ते बघायला पडद्याकडे वळला. तिच्या जिभेवर आलेलं वाक्य अगदी तयार होतं, धारदार होतं, आणि बॅकअप न घेणाऱ्या माणसाबद्दल होतं. तिने ते गिळलं. तिला ते फार जड गेलं.

संध्याकाळी तिने बेनिग्नोला सांगितलं, "आता पाड." दरवाजे खाली गेले. थोड्याच वेळात नदी ओढ्याच्या वर चढली आणि लोखंडाला धडका देत राहिली. सान्ता क्लारात घोट्याएवढं पाणी आलं, काही गाद्या आणि एक फ्रिज गेला. माणसं शाळेत होती, ओली आणि वैतागलेली, पण सगळी होती.

नक्कल पुरी झाल्यावर सुनिल्दाने दुरुस्ती आधी नकलेवर चालवली, प्रत्येक प्रश्न वाचून, आणि ती नीट झाल्यावर मूळ डिस्कवर. हरवलेल्या तुकड्यांच्या फोल्डरमध्ये चार-दोन फुटकळ फाइली निघाल्या, बाकी सगळं जागच्या जागी होतं. मग तिने सर्व्हरला डिस्का अ-ब-क वरून न ओळखता त्यांच्या कायमच्या नंबरावरून ओळखायला सांगितलं. हे तिने सोळा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. देर्लिसच्या ते लक्षात आलं होतं हे, तो घाईघाईने मातेचं भांडं भरायला उठला त्यावरून तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी गाउतो रेडिओवर बोलला. कार्यालयाच्या आधुनिक यंत्रणेमुळे आणि वेळेवर घेतलेल्या खंबीर निर्णयामुळे गाव वाचलं, असं तो म्हणाला. सुनिल्दाने रेडिओ बंद केला नाही. एवढ्या दर्जाचं खोटं रोज ऐकायला मिळत नाही.

त्याच आठवड्यात तो तिच्या दारात आला. सोबत एक केक होता.

"बाई, परत या. जुन्या जागेवर."

"आणि देर्लिस?"

"त्याला मी बांधावर पाठवतो. दरवाजे रंगवेल."

"तो राहील. सर्व्हरवर राहील. आणि बॅकअपचं दुसरं मशीन आधी येईल, मग मी येईन."

गाउतोने तोंड वाकडं केलं. "पण तुम्हीच तर त्याला गाढव म्हणालात! सगळ्या कार्यालयाने ऐकलंय."

"म्हणाले, आणि परत म्हणेन. गाढवच आहे तो. पण पडद्यावर काय लिहिलंय ते वाचतो. तुमच्या कार्यालयात असा एकच आहे."

मशीन महिन्याभराने आलं. त्याआधीच सुनिल्दाने देर्लिसची काळी डिस्क घरी नेली होती आणि शाळेचं काम आटोपून रोज थोडी थोडी खरवडत बसली होती. सामने एकूण एक गेले. मुलीचे काही व्हिडिओ निघाले, काहींमध्ये फक्त आवाज उरला होता. तिने ते दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवून एके सकाळी त्याच्या टेबलावर आदळले.

"जेवढे निघाले तेवढे. बाकीचे तू मारलेस," ती म्हणाली. "आणि पोरीला चालायला शिकवताना पाठीमागून कोण किंचाळतंय ते? तू?"

"मीच. पडेल असं वाटलं होतं."

"पडली नाही ना? मग किंचाळायचं कशाला?" सुनिल्दा म्हणाली आणि आपली खुर्ची ओढून कामाला बसली.